गिझरची तीन कोटेशनं

८ डिसेंबर २००५, गुरुवार

आज गिझर गेला. लोडशेडिंगमुळे सकाळी सहा ते आठ वीज नसते, म्हणून साडेपाचला उठून अर्ध्या तासात तिघांचं पाणी तापवायचं, ही गेले काही महिने माझी कसरत. आज बटण दाबलं, फट् आवाज आला आणि घर अंधारात.

राकेशला सातला हिंजवडीची कंपनीची बस, चैतालीला साडेआठला बँकेत निघायचं. मुलगा आणि सून दोघं कमावती, आणि घरात आंघोळीला गरम पाणी नाही. दोघं गारच पाण्याने उरकून गेली. चैताली शिंकत गेली.

दुपारी चौकातल्या संजयला बोलावलं. प्लंबिंग, गिझर, सगळं करतो. म्हणाला, "मावशी, टाकी सडलीया. कॉइल बदलून पैसं वाया."

रात्री राकेश म्हणाला, "आई, गॅस गिझर घेऊ. विजेची भानगडच नको." हे असते तर त्यांनी आधी चार जणांना विचारलं असतं. दारूगोळा कारखान्यात नोकरी काढलेला माणूस, काडेपेटीसुद्धा विचार करून उघडायचे. मला ठरवता येत नाही. पण सकाळी साडेपाचला उठायचा कंटाळा आला आहे, हे खरं.

११ डिसेंबर, रविवार

गॅस गिझर बसला. भिंतीवर लहानशी पांढरी पेटी, आत दोन सेल. नळ उघडला की आपोआप पेटतो. पाच मिनिटांत बादली भरते! शेजारचे रावसाहेब, सोसायटीचे चेअरमन, बघायला आले आणि म्हणाले, "छान. आता पुण्यात फक्त हवाच गार राहिली."

संजयने जाताना बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या उघडून ठेवल्या. "मावशी, या कायम उघड्या ठेवायच्या बरं का. गॅस हाय हा." मी हो म्हटलं. त्या खिडकीतून पाइपांच्या डक्टमधली कबुतरं आत डोकावतात, हे त्याला कोण सांगणार.

१५ डिसेंबर, गुरुवार

काय सुख आहे. आता सहाला उठते. कपडेसुद्धा गरम पाण्याने धुते, बाथरूममध्ये पाटावर बसून, निवांत.

एकच त्रास. त्या खिडकीतून असं वारं येतं की अंगावर घेतलेलं पाणी अंगावरच गार होतं. चैतालीची सर्दी हटत नाही. काल कबुतराची पिसं बादलीत आली. चैतालीने तोंड वाकडं केलं. आज ती बँकेत गेल्यावर मी स्टुलावर चढून जाड प्लास्टिक कापलं आणि खिडकीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवलं. छान बसलं. उजेड येतो, वारं येत नाही.

संध्याकाळी तिला दाखवलं. म्हणाली, "आई, तुम्ही स्टुलावर चढलात?" आणि हसली. लग्नाला दोन वर्षं झाली, ती अशी मोकळी कधीतरीच हसते. मला फार बरं वाटलं.

२० डिसेंबर, मंगळवार

लिहू की नको असं चाललं आहे. लिहिते.

चैतालीला तीन दिवस सकाळी मळमळतं. आंघोळ करून बाहेर येते ती भिंत धरूनच. काल बेसिनपाशी उलटी झाली. म्हणते डोकं दुखतं, पित्त असेल. आज पोहेसुद्धा पुढे सारले. रविवारी केस धुवायला गेली ती पाऊण तास आत. बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद होता आणि पलंगावर आडवी पडली.

मी काही विचारलं नाही. पण मीही एका मुलाची आई आहे. सकाळची मळमळ म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको.

माझंही डोकं हल्ली जड असतं. वय झालं.

२२ डिसेंबर, गुरुवार

न राहवून नंदाताईंना फोन केला. माझ्या नणंदबाई, येरवड्याला असतात. म्हटलं, अजून कोणाला बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी कशाला बोलेन?"

२४ डिसेंबर, शनिवार

नंदाताईंनी काल बँकेत फोन करून चैतालीचं अभिनंदन केलं.

ती घरी आली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तुम्ही आत्यांना काय सांगितलंत?"

मी म्हटलं, "अगं, आनंदाची गोष्ट आहे, त्यात काय."

"कसला आनंद? तसं काही नाहीये. मी दोन वेळा टेस्ट केली. दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. मला खरंच बरं वाटत नाहीये, आई. मला विचारायचं तरी होतं."

राकेश मध्ये पडला. "आई, तू पण ना." एवढंच. मग दोघं खोलीत गेली.

मला शरम वाटली. पण एक शंका मनातून जात नाही. मग ही मळमळ कसली? गेल्या महिन्यात दोघांचं बोलणं कानावर आलं होतं, राकेशला मार्चमध्ये अमेरिकेला पाठवणार आहेत. ती म्हणत होती, "आत्ता काहीच नको." काहीच म्हणजे काय? तिने काही केलं तर नाही? आमच्या ओव्हाळांच्या घरात असं कधी झालं नाही. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण मनात आलं ते आलं.

२८ डिसेंबर, मंगळवार

(वार चुकला. बुधवार आहे. हल्ली असं होतं.)

चैताली रविवारीच माहेरी गेली, खडकवासल्याला. आज फोन केला. तिची आई म्हणाली, "अहो, आल्या दिवसापासून ठणठणीत आहे. डोकं नाही, काही नाही. काल धरणावर फिरून आली."

म्हणजे माहेरी डोकं दुखत नाही. आमच्याकडेच दुखतं. यातून मी काय समजायचं?

मी काय वाईट वागवते तिला? भांडी घासायला लावत नाही, डबा मी भरते. तिचे कपडेसुद्धा मीच धुते. आजही तासभर धुण्यात गेला, आणि उठताना असा तोल गेला की नळ धरावा लागला. हे तिला कुठे दिसतं.

दुपारी भाजीत मीठ दोनदा घातलं. राकेश मुकाट जेवला.

३१ डिसेंबर, शनिवार

गिझरची ज्योत पिवळी दिसते. आधी निळी होती. पेटीच्या वरच्या भिंतीवर काजळी धरली आहे. पाणीही पूर्वीसारखं कढत नाही. वीस दिवसांत!

मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात काढली. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दर मंजूर. घरालाही तोच नियम.

पहिला संजय. आत गेला आणि आधी खिडकीकडेच बघितलं. "मावशी, हे प्लास्टिक कुणी लावलं?"

"मी. वारं येतं."

"काढा ते. आत्ता काढा. आन् खरं सांगू का, ह्यो गिझर हितून हलवा. बाहेर डक्टात लावतो, पाइप लांबवावा लागंल. बाराशेला पडंल. नुसती सफाई पायजेल तर अडीचशे, पण सफाईनं भागायचं न्हाई."

मी विचारलं, सफाईला आलास आणि बाराशेचं काम कुठून निघालं? तो म्हणाला, "मावशी, मी कामासाठी न्हाई बोलत." सगळेच असं म्हणतात. तीस वर्षं मी हेच ऐकलं आहे. अडीचशेचा माणूस दारात आला की आत जाताना बाराशेचा होतो.

दुसरा सर्व्हिस सेंटरचा, गळ्यात ओळखपत्र. स्क्रू न उघडताच म्हणाला, मॅडम, आतला तांब्याचा भाग गेला, बावीसशे, आणि वर्षाचा करार केला तर नऊशे निराळे. नवीनच घेतलात तर सूट मिळेल. अहो, हा तरी कुठे जुना आहे? वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, वापराने काजळी धरली तर ती वॉरंटीत येत नाही. खिडकीकडे त्याने बघितलंही नाही. म्हणजे खिडकीचं संजयचं आपलं काहीतरी.

तिसऱ्याची वाट बघते आहे. रावसाहेब कोणाला तरी पाठवणार आहेत.

उद्या कोरेगावला जायचं होतं, स्तंभाला. अंगात बळच नाही. राकेश एकटा जाईल.

३ जानेवारी २००६, मंगळवार

रावसाहेबांचा माणूस आला. सेल बदलले, बर्नर ब्रशने झटकला, दीडशे घेतले. ज्योत तासभर निळी दिसली. मी तक्ता मांडला नाही, पण मनात मांडला. सर्वांत कमी दर मंजूर.

संजय रस्त्यात भेटला. म्हणाला, "प्लास्टिक काढलं का, मावशी?" मी म्हटलं, "काढते." थंडी इतकी आहे. संक्रांत झाल्यावर काढीन.

७ जानेवारी, शनिवार

चैताली सोमवारी परत आली. मंगळवारी बरी होती. बुधवारपासून पुन्हा तेच. सकाळी डोकं, मळमळ, पाय गळून जाणं. बँकेत दुपारपर्यंत बरं वाटतं म्हणते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. ताण असेल म्हणाले. डॉक्टरांनी ताण म्हटलं की घरातले सगळे सासूकडेच बघतात.

आज तिने मला विचारलं, "आई, तुम्हालाही डोकं दुखतं ना? काल तुम्ही गॅसवर रिकामी कढई ठेवून बसला होतात."

मी म्हटलं, "माझं वय आहे. तुझं काय आहे?"

ती उठून खोलीत गेली. बोलायला नको होतं तसं. पण खरं सांगायचं तर मला काही कळेनासं झालं आहे. ती आजारी आहे, की आजारी असल्याचं दाखवते आहे, की मीच सगळं चुकीचं बघते आहे? रात्री राकेश हळूच म्हणत होता, "आपण वेगळं राहूया का थोडे दिवस?" तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहायला हवं. नाहीतर मी हेही विसरेन.

काल सकाळी राकेश गेल्यावर चैताली आंघोळीला गेली. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. पाण्याचा आवाज येत होता. मग लक्षात आलं की नुसता पाण्याचाच येतो आहे, तांब्याचा नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. दारापाशी गेले तर फटीतून पाणी बाहेर येत होतं.

"चैताली!" उत्तर नाही. "अगं चैताली!" दार आतून लावलेलं. मी दोन्ही हातांनी बडवलं. तशीच धावत जाऊन रावसाहेबांना बोलावलं. ते बनियनवरच आले. सत्तरीचा माणूस, त्यांनी तीन लाथा घातल्या तेव्हा कडी निखळली.

ती बादलीपाशी कुशीवर पडली होती. नळ चालू, वर गिझरची पिवळी ज्योत चालू. रावसाहेब ओरडले, "बाहेर काढा, आधी बाहेर!" मी तिच्यावर चादर टाकली आणि दोघांनी ओढत गॅलरीत आणलं. श्वास होता. हाका मारल्या तर डोळे उघडत नव्हती. मी तिच्या गालावर चापट्या मारत होते आणि काय बोलत होते ते मला आठवत नाही. रावसाहेब नंतर म्हणाले, मी सारखी "मी आहे, मी आहे" म्हणत होते.

त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाडी धरली आणि माझ्याकडे न बघताच पहिला प्रश्न विचारला, "घरात गॅस गिझर आहे?"

"आहे."

"बाथरूममध्येच? खिडकी उघडी असते?"

मी म्हटलं, "खिडकी आहे."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ऑक्सिजन लावला. मग समजावून सांगितलं. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि त्यातून विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि मोकळ्या हवेत गेला की बरा होतो. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. "अजून थोडा उशीर झाला असता तर," असं म्हणून त्या थांबल्या. "तुमचंही रक्त घेऊया, आजी. तुम्हीही तिथेच कपडे धुता म्हणालात."

संध्याकाळी तिने डोळे उघडले. राकेशला ओळखलं. मी दाराशीच उभी राहिले.

१४ जानेवारी, शनिवार

चैताली बोलते आहे, पण मध्येच शब्द हरवतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, भरून येईल.

राकेश कालपासून पेटला आहे. आज संजयला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बोलावून घेतलं. "तू बसवलास ना गिझर? माझी बायको मेली असती. पोलिसात देतो तुला, दुकान बंद करतो तुझं."

संजय टोपी हातात घेऊन उभा होता. एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल. तो एवढंच म्हणाला, "साहेब, वहिनी बऱ्या होऊ द्यात. मग काय ते करा."

मी काहीच बोलले नाही. मी तिथे उभी होते आणि मी काहीच बोलले नाही.

१५ जानेवारी, रविवार

रात्रभर ही वही वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. अकरा तारखेला सांगितलेलं, एकतीसला सांगितलेलं, तीनला सांगितलेलं. मधली ती चोवीस तारीख वाचवत नाही. फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाही.

सकाळी राकेशसमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "संजयने तीनदा सांगितलं होतं. खिडकीला प्लास्टिक मी लावलं. तो काढ म्हणाला, मी काढलं नाही. मला वाटलं बाराशे उकळतोय."

त्याने कप बाजूला सारला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"सांगितलेलं माहीत होतं. कळलं नव्हतं."

तो उठला, बाथरूममध्ये गेला. प्लास्टिक टराटरा फाडल्याचा आवाज आला. चहा न पिताच बाहेर पडला. दुपारी कळलं, तो आधी संजयच्या दुकानात गेला होता. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

१८ जानेवारी, बुधवार

चैतालीला उद्या घरी सोडणार. राकेश म्हणाला, तिला मी सांगतो. मी म्हटलं, नको.

तिच्या पलंगाशी बसले. काय काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, सगळं विसरले. प्लास्टिकचं सांगितलं. संजयचं सांगितलं. मग म्हटलं, "आणि मी तुझ्याबद्दल वाईट मनात आणलं. नंदाताईंना सांगितलं ते वेगळंच. त्याहून वाईट."

"काय?"

सांगितलं. शब्द न गाळता.

"मला वाटायचं," ती सावकाश म्हणाली, "मला वेड लागतंय. घरात आलं की डोकं फिरतं, बाहेर गेलं की बरं वाटतं. मलाही वाटायचं, मला तुमच्याबरोबर राहायचंच नाहीये म्हणून असं होतंय. मी आईला तसं म्हणाले पण."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"प्लास्टिक माझ्या सर्दीसाठी लावलं होतंत ना?"

"हो."

ती डोळे मिटून पडली. मी उठले तेव्हा झोपली होती की नव्हती, कळलं नाही. माफ केलं की नाही, तेही कळलं नाही. असं तोंडावर विचारतात का?

२२ जानेवारी, रविवार

संजयने काल गिझर काढून बाहेर डक्टात लावला. बाराशेच घेतले, एक रुपया जास्त नाही. मी म्हटलं, "संजय, माझं चुकलं." तो पाइपाला पट्टी मारत होता, वळलासुद्धा नाही. "व्हतं मावशी," म्हणाला. चहा मात्र घेतला नाही. काम आहे म्हणाला.

नंदाताईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला आधीच वाटलं होतं." त्यांना सगळंच आधी वाटलेलं असतं.

वेगळं राहण्याचं पुन्हा निघालं नाही. निघणार नाही असंही नाही. राकेश माझ्याशी बोलतो, पण कामापुरतं.

आज सकाळी चैतालीला केस धुवायचे होते. गुरुवारी घरी आल्यापासून नुसतं अंग पुसत होती. टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहिली. आत जाईना. राकेश अजून झोपला होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तिथून दिसत होती. दोनदा पाय उचलला आणि मागे घेतला.

"आई."

मी गेले.

"दार नुसतं लोटून घेते. कडी लावत नाही. तुम्ही इथे बसाल?"

मी पाट आणला आणि दारापाशी बसले. आत नळ सुरू झाला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "आई, बोलत राहा ना काहीतरी."

मी आमच्या खडकीच्या क्वार्टरचं सांगायला लागले. राकेश चार वर्षांचा असताना परेडच्या मागे चालत मैदानापर्यंत गेला होता आणि एका हवालदाराने खांद्यावर बसवून परत आणला होता, ते. दर दोन वाक्यांनी मी थांबायचे. थांबले की आतून यायचं, "हं." तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि "हं."

मग बराच वेळ नुसतं पाणी. मी दाराला हात लावला. "चैताली?"

"आहे, आई," ती म्हणाली. "डोळ्यात शिकेकाई गेली. तुम्ही सांगा पुढे."